ऑलिव्हच्या झाडाला मानवी हक्कांच्या फायलीत जागा का मिळते?

प्रश्न असा आहे : पॅलेस्टाइनमध्ये मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्था अटकसत्र, गोळीबार आणि घरांची पाडापाडी यांबरोबरच ऑलिव्हची झाडे, झरे, बियाणे आणि भरतकाम यांवरही एवढी शक्ती का खर्च करतात? संस्कृती आणि पर्यावरण हे विषय मूळ राजकीय प्रश्नावरून लक्ष उडवत नाहीत का? आणि या संस्था देतात त्या माहितीवर कितपत भरवसा ठेवावा?

मी वेस्ट बँकमध्ये प्रामुख्याने पाण्याच्या आणि जमिनीच्या नोंदींचे काम केले आहे. लष्करी न्यायालये, तुरुंग, बालकैदी या विषयांवर बोलण्याचा अधिकार ते काम करणाऱ्या वकिलांचा आहे, त्यामुळे मी माझ्या बाजूने उत्तर देतो. माझे मत स्पष्ट आहे. वेस्ट बँकमध्ये जमीन कोणाची हे ज्या कायद्याने ठरते, तो कायदा ती जमीन कसली जाते आहे की पडीक आहे हे पाहतो. त्यामुळे तिथले झाड, दगडी ताल किंवा झऱ्याची पाळी ही एकाच वेळी शेती असते, परंपरा असते आणि पुरावाही असतो. हे ध्यानात घेतले की पर्यावरण बाजूला ठेवून हक्कांचे काम करणे तिथे का शक्य नाही, ते कळते.

हा कायदा 1858 चा, म्हणजे उस्मानी साम्राज्याच्या काळातला जमीनविषयक कायदा आहे. त्यातील ‘मिरी’ या प्रकारच्या, म्हणजे मालकी सरकारची आणि कसण्याचा हक्क शेतकऱ्याचा अशा जमिनीवर शेतकऱ्याने सलग 10 वर्षे मशागत केली तर त्याचा कसण्याचा हक्क पक्का होतो, आणि सबळ कारणाशिवाय 3 वर्षे ती पडीक ठेवली तर हक्क धोक्यात येतो. मूळ हेतू करवसुलीचा होता. जमीन पिकती राहावी म्हणजे सरकारला महसूल मिळत राहावा. नंतर ब्रिटिशांनी आणि त्यांच्यामागून जॉर्डनने रीतसर मोजणी करून मालकी नोंदवण्याचे काम हाती घेतले, पण 1967 च्या युद्धात इस्रायलने वेस्ट बँक ताब्यात घेतली तेव्हा जेमतेम एक तृतीयांश जमिनीची नोंदणी पुरी झाली होती. 1968 मध्ये लष्करी आदेश क्रमांक 291 काढून ते काम जागच्या जागी गोठवण्यात आले. आपल्याकडच्या वाचकाला हे समजण्यासाठी असे म्हणता येईल की सातबारा आहे, पण बहुतेक गावांत त्यातला सात कोराच राहिला आणि सगळा निवाडा बाराच्या पीकपाहणीवर येऊन ठेपला. शिवाय ती पीकपाहणी करणारा तलाठी लष्कराचा.

1979 पर्यंत वेस्ट बँकमधील इस्रायली नागरिकांच्या वसाहतींसाठी पॅलेस्टिनींच्या खासगी जमिनी बहुधा ‘लष्करी गरज’ या सबबीखाली घेतल्या जात. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये एलोन मोरे वसाहतीच्या प्रकरणात इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने ही वाट अडवली आणि सरकारने दुसरी शोधली. उस्मानी कायद्याचा आधार घेऊन पडीक भासणारी जमीन ‘सरकारी जमीन’ म्हणून जाहीर करण्याचा सपाटा सुरू झाला आणि पुढच्या काळात सुमारे 9 लाख दुनम, म्हणजे जवळजवळ 90 हजार हेक्टर जमीन या मार्गाने गेली. खडकाळ डोंगरउताराच्या तुकड्याबाबत लष्कराच्या नागरी प्रशासनाने लावलेला निकष असा, की तुकड्याचा निम्म्याहून अधिक भाग लागवडीखाली असेल तरच तो कसलेला मानायचा. ज्यांनी तिथला डोंगर पाहिला आहे त्यांना यातली मेख लगेच कळेल : दोन खडकांमधल्या ओंजळभर मातीत एक झाड लावायचे आणि उरलेल्या खडकावर शेळ्या चारायच्या, हीच तिथली शेती. ती या निकषात अर्धीच भरते. अशा जाहीरनाम्यावर हरकत घ्यायला 45 दिवस मिळतात, तीही लष्कराच्याच अपील समितीपुढे.

या 45 दिवसांत जी फाईल उभी करावी लागते, तिच्यात काय असते हे सांगितले म्हणजे प्रश्नाचे अर्धे उत्तर होईल. शेतकरी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेली कागदपत्रे घेऊन येतो : आजोबांच्या नावच्या जॉर्डनकालीन करपावत्या, कर-नोंदवहीचा उतारा, वाटणीचा हाताने लिहिलेला कागद, गावच्या मुख्तारचे, म्हणजे गावप्रमुखाचे, प्रतिज्ञापत्र. बहुतेक वेळा पावतीवरचे क्षेत्र प्रत्यक्षापेक्षा कमी असते, कारण कर वाचवण्यासाठी पूर्वजांनी ते कमीच सांगितलेले असते, आणि ते शहाणपण नातवाला भोवते. मग ब्रिटिश काळातली, 1944-45 ची हवाई छायाचित्रे काढायची, त्यांवर त्या तुकड्याच्या सीमा बसवायच्या आणि झाडांचे काळे ठिपके मोजायचे. पुढच्या काळातली छायाचित्रे मिळवून तेच पुन्हा करायचे. कृषितज्ज्ञाकडून झाडांच्या वयाचा दाखला घ्यायचा. दगडी ताली कोणत्या काळच्या आहेत, टाके कधी खोदले, रान कोण कोणत्या ऋतूत वापरते, याचे जबाब घ्यायचे. या सगळ्याला पर्यावरणाचा अभ्यास म्हणा, लोकसंस्कृतीचे संकलन म्हणा किंवा वकिली म्हणा. करणारी माणसे तीच असतात आणि कागदही तेच.

झाड तोडण्याचा अर्थही यामुळे बदलतो. वेस्ट बँकच्या सुमारे निम्म्या शेतजमिनीवर ऑलिव्ह आहे, झाडांची संख्या एक कोटीच्या घरात जाते आणि 80 हजार ते एक लाख कुटुंबांच्या उत्पन्नात त्याचा कमीअधिक वाटा असतो. वसाहतींलगतच्या किंवा इस्रायलने बांधलेल्या विभाजक भिंतीपलीकडे अडकलेल्या बागांमध्ये जायचे तर लष्कराशी आधी ‘तन्सीक’, म्हणजे वेळ ठरवून परवानगी घ्यावी लागते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तोडणीसाठी काही दिवस मिळतात. पण नांगरट आणि छाटणीच्या दिवसांत दरवाजा बंद असेल तर झाड तोडणीपुरतेच भेटते. ऑलिव्ह मुळात एक वर्ष भरघोस आणि एक वर्ष हलके येणारे पीक, त्यात निगा सुटली की भरघोस वर्षही रोडावते. दोन-तीन वर्षांत तिथे खुरटे गवत माजते, आणि मग तीच जमीन पडीक असल्याचा पुरावा तयार होतो. 2006 मध्ये इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच गावांच्या याचिकेवर निकाल देताना, शेतकऱ्यांच्या रक्षणासाठी त्यांनाच शेतात जाण्यापासून रोखणे हा उपाय नव्हे, लष्कराने त्यांना संरक्षण देऊन शेतात पोचू द्यावे, असे बजावले होते. निकाल चांगला होता. मात्र 2005 पासूनच्या तक्रारींचा पाठपुरावा करणाऱ्या ‘येश दिन’ या इस्रायली संस्थेच्या नोंदीनुसार, वसाहतवाल्यांकडून झालेल्या हिंसेच्या व नासधुशीच्या दर 10 तपासांपैकी 9 हून अधिक तपास आरोपपत्राविना बंद झाले.

जेरुसलेमच्या नैर्ऋत्येला काही किलोमीटरवर असलेल्या बत्तीर गावाविषयी थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण संस्कृती आणि पर्यावरण यांच्या जोरावर जमीन वाचल्याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे नाही. ते किती तात्पुरते असू शकते, हेही तिथेच दिसते. डोंगरउतारावर दगडी ताली, मध्ये झरा, झऱ्याखाली रोमनकालीन दगडी कुंड, आणि तिथून पाटांनी फिरणारे पाणी. गावात 8 प्रमुख कुळे आहेत आणि प्रत्येक कुळाचा पाण्याचा एक दिवस, म्हणून पाण्यापुरता बत्तीरचा आठवडा 8 दिवसांचा असतो. खुणा केलेल्या काठीने कुंडातली पातळी मोजून ज्याच्या त्याच्या वाट्याचे पाणी ठरते. गावची वांगी प्रसिद्ध आहेत. दरीच्या तळातून 1892 मध्ये सुरू झालेला याफा–जेरुसलेम रेल्वेमार्ग जातो. 1949 ची इस्रायल–जॉर्डन युद्धबंदी रेषा याच मार्गाला लागून आखली गेली, तेव्हा गावचे शिक्षक हसन मुस्तफा यांच्या पुढाकाराने एक समजूत झाली : गावाने रेल्वेला धक्का लागू द्यायचा नाही आणि त्या बदल्यात रेषेपलीकडच्या आपल्या जमिनी कसत राहायच्या. ही समजूत दशकानुदशके पाळली गेली.

पुढे विभाजक भिंतीची आखणी या दरीतून झाली. गावकरी न्यायालयात गेले, आणि त्यांच्यासोबत इस्रायली, जॉर्डेनियन व पॅलेस्टिनी कार्यकर्त्यांची एक संयुक्त पर्यावरण संस्थाही उतरली. निर्णायक गोष्ट अशी घडली की इस्रायलच्या निसर्ग व उद्यान प्राधिकरणाने आपली आधीची भूमिका बदलून, भिंतीमुळे या तालींचे आणि पाणीव्यवस्थेचे कधीही भरून न येणारे नुकसान होईल, असे न्यायालयाला कळवले. सरकारचाच एक विभाग संरक्षण खात्याच्या विरोधात उभा राहिला. 2011 मध्ये युनेस्कोचा सदस्य झालेल्या पॅलेस्टाइनने जून 2014 मध्ये तातडीच्या प्रक्रियेने या भूदृश्याची जागतिक वारशाच्या यादीत नोंद करून घेतली, तीही एकाच वेळी ‘धोक्यातील वारसा’ म्हणून. जानेवारी 2015 मध्ये, इथे भिंत बांधणे सध्या प्राधान्याचे नाही, असे सरकारने सांगितल्यावर प्रकरण थांबले. इथवर यश आहे. पण ऑगस्ट 2024 मध्ये त्याच वारसाक्षेत्राच्या परिसरात नहाल हेलेत्झ या नव्या वसाहतीसाठी सुमारे 60 हेक्टरची सीमा आखली गेली. भिंत अडवणाऱ्या नोंदीने वसाहत अडली नाही. युनेस्कोची नोंद म्हणजे कवच, अशी समजूत करून घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. ती फक्त न्यायालयात आणि परदेशी सरकारांपुढे मांडायची एक भक्कम बाजू आहे.

आता पाणी. ताबा घेतल्यानंतर 1967 मध्येच लष्करी आदेशांनी पाण्यावरचा सर्व अधिकार लष्कराकडे गेला आणि परवान्याशिवाय विहीर खोदणे बंद झाले. इस्रायल आणि पॅलेस्टिनी नेतृत्व यांच्यातील 1995 च्या दुसऱ्या ऑस्लो कराराने संयुक्त जल समिती स्थापन झाली. तिच्यात दोन्ही बाजू समान असल्या तरी प्रत्येक बाजूला नकाराधिकार होता, आणि इस्रायलच्या पूर्ण नियंत्रणातील ‘क’ क्षेत्रात, म्हणजे वेस्ट बँकच्या सुमारे 60 टक्के भागात, समितीनंतर पुन्हा नागरी प्रशासनाची परवानगी लागत असे. करारात डोंगरी भूजलसाठ्यांतून इस्रायलच्या वापराचा आकडा वर्षाला 483 दशलक्ष घनमीटर आणि पॅलेस्टिनींचा 118 दशलक्ष घनमीटर असा नोंदवला आहे. ही पाच वर्षांची अंतरिम व्यवस्था होती. ती तीन दशके चालू आहे आणि मधल्या काळात लोकसंख्या कितीतरी वाढली. ‘बेत्सेलेम’ या इस्रायली संस्थेच्या 2023 च्या अहवालानुसार इस्रायलमध्ये दरडोई दररोज सरासरी 247 लिटर पाणी वापरले जाते, वेस्ट बँकमधील पॅलेस्टिनींत सुमारे 82 लिटर, आणि जलवाहिनीशी न जोडलेल्या वस्त्यांत 26 लिटर. गावाबाहेरच्या डोंगरावरून नजर टाकली तर पॅलेस्टिनी घर कोणते हे छपरावरच्या काळ्या टाक्यांवरून ओळखता येते. उन्हाळ्यात नळाला कधी पाणी येईल याचा नेम नसतो, म्हणून आलेले साठवून ठेवणे हाच उपाय.

हेब्रॉनच्या दक्षिणेकडील मसाफेर यत्तामध्ये हीच गोष्ट टोकाला जाते. 1980 च्या दशकात हा भाग लष्करी सरावासाठीचे ‘गोळीबार क्षेत्र 918’ ठरला. तिथल्या रहिवाशांना हलवण्यास सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये मोकळीक दिली. तिथे पावसाचे पाणी साठवणारे खडकातले टाके हीसुद्धा ‘विनापरवाना बांधकाम’ म्हणून पाडण्याजोगी गोष्ट असते. टाके बुजले की शेळ्या विकाव्या लागतात, शेळ्या गेल्या की रान सुटते आणि रान सुटले की दावा सुटतो. अलीकडे याच रानांत वसाहतवाल्यांच्या मेंढपाळी वस्त्या उभ्या राहत आहेत. थोडी माणसे, बरीच मेंढरे आणि बंदुका एवढ्या भांडवलावर ताब्यात येणारी जमीन घरे बांधून मिळणाऱ्या जमिनीच्या कितीतरी पट असते, हे आमच्या क्षेत्रातल्या माणसांना फार उशिरा उमगले.

पर्यावरणाचा विषय लक्ष उडवतो का, या शंकेत एक तथ्य मात्र आहे. निसर्गरक्षण आणि वारसा ही दोन्ही शस्त्रे दुसऱ्या बाजूलाही उपलब्ध आहेत आणि तिने ती सफाईने वापरली आहेत. नाब्लुसच्या नैर्ऋत्येकडील वादी काना हे खोरे 1983 मध्ये निसर्ग राखीव क्षेत्र जाहीर झाले. भोवतालच्या वसाहतींचे सांडपाणी वर्षानुवर्षे त्या ओढ्यात सोडले गेले, वसाहतींची काही बांधकामे राखीव हद्दीत घुसली, आणि राखीव क्षेत्राला बाधा येते म्हणून उपटली गेली ती पॅलेस्टिनी शेतकऱ्यांची ऑलिव्हची रोपे. सूस्या गावातील लोकांना 1986 मध्ये, त्यांची वस्ती पुरातत्त्वीय स्थळ ठरल्याने, घरांतून आणि गुहांतून बाहेर काढले गेले. रानातला ‘झातर’ हा ओव्याच्या वासाचा मसाल्याचा पाला खुडण्यावर 1977 मध्ये बंदी आली आणि काटेरी ‘अक्कूब’ भाजीवर 2005 मध्ये. रानभाजी आणायला गेलेल्या म्हाताऱ्या बायकांना दंड झाले. व्यापारी तोडीने वनस्पतीवर ताण येतो हे खोटे नाही, पण घरापुरते खुडणारी बाई आणि पोत्यांनी विकणारा व्यापारी यांत फरक करायला, वकिलांनी पाठपुरावा केल्यानंतर, 2020 च्या आसपासचा काळ उजाडावा लागला. म्हणून कोणत्याही हरित घोषणेपुढे मी आधी एकच प्रश्न विचारतो : या नियमानंतर तिथे कोण राहणार आणि कोण जाणार?

प्रदूषणाच्या बाबतीत एका बाजूवर बोट ठेवून भागत नाही, आणि हे पॅलेस्टिनी सहकाऱ्यांनाही स्पष्ट सांगावे लागते. सल्फीत शहराजवळच्या ओढ्यात एरियल वसाहतीचे सांडपाणी उतरते, आणि जर्मन मदतीने होणारा शहराचा शुद्धीकरण प्रकल्प वसाहतीलाही जोडून घ्या या अटीपायी वर्षानुवर्षे रखडला, हे खरे. पण हेब्रॉन परिसराचे सांडपाणी आणि दगड कापण्याच्या कारखान्यांचा पांढरा गाळ ओढ्यातून वाहत इस्रायलमधील बीरशेबाच्या दिशेने जातो, हेही खरेच. इस्रायल त्या शुद्धीकरणाचा खर्च पॅलेस्टिनी प्राधिकरणाच्या, म्हणजे मर्यादित पॅलेस्टिनी स्वशासनाच्या, करमहसुलातून कापून घेतो. इधना भागात इस्रायलमधून येणाऱ्या इलेक्ट्रॉनिक कचऱ्यातून तांबे काढण्यासाठी तारा जाळल्या जातात. कचरा इस्रायलचा, जाळणारे हात पॅलेस्टिनी, आणि धूर ज्यांच्या पोरांच्या छातीत जातो तीही माणसे पॅलेस्टिनीच.

बियाणे आणि भरतकाम यांविषयी थोडक्यात सांगतो. पावसावर येणारी देशी वाणे हा पाणीटंचाईवरचा रोकडा उपाय आहे, त्यामुळे ‘शेती कार्य समित्यांचा संघ’ या संस्थेची हेब्रॉनची बीजपेढी हे हौसेचे संग्रहालय नव्हते. जुलै 2025 च्या अखेरीस तिचा बीजवृद्धी विभाग बुलडोझरने उद्ध्वस्त करण्यात आला. ‘तत्रीज’ भरतकाम 2021 मध्ये आणि नाब्लुसचा ऑलिव्ह तेलाचा साबण 2024 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आला. अंगरख्यावरच्या नक्षीवरून बाईचे गाव ओळखता येत असे, म्हणून 1948 मध्ये ओस पडलेल्या गावांच्या इतिहासासाठी ती नक्षी कामाची आहे. पण अपील समितीपुढे तिचा उपयोग नाही. माझ्या मते या कामाला हक्कांच्या कामाची उपपत्ती चिकटवण्याची गरजही नाही.

गाझाचे मोजमाप वेगळे आहे. 7 ऑक्टोबर 2023 च्या हमासच्या हल्ल्यात इस्रायलमध्ये सुमारे 1,200 माणसे मारली गेली आणि त्यानंतरच्या युद्धाने गाझात जे झाले त्याला पर्यावरणीय हानी हा शब्द तोकडा पडतो. किनारी भूजल युद्धाआधीच बहुतांश पिण्याजोगे उरले नव्हते, आणि 2014 नंतर कुंपणालगत इस्रायली विमानांनी फवारलेले तणनाशक वाऱ्याने पलीकडच्या शेतांत जात होते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने उपग्रह छायाचित्रांवरून केलेल्या 2025 च्या मूल्यमापनात, नुकसान न झालेली आणि पोचता येण्याजोगी शेतजमीन जेमतेम दीड टक्का उरली होती. तिथे आता बांधावरचा पुरावा गोळा करायला बांधच शिल्लक नाही.

विश्वासाच्या प्रश्नाकडे येतो. रामल्लाची ‘अल-हक’ ही संस्था 1979 मध्ये वकिलांनी स्थापन केली. ती इस्रायली लष्कराइतकेच पॅलेस्टिनी प्राधिकरणालाही धारेवर धरते, आणि प्राधिकरणाचे टीकाकार निझार बनात यांचा जून 2021 मध्ये पॅलेस्टिनी सुरक्षा दलांच्या ताब्यात मृत्यू झाला तेव्हाही तिने तसेच केले. ऑक्टोबर 2021 मध्ये इस्रायलने अल-हक आणि वर उल्लेखलेला शेती संघ यांच्यासह सहा संस्थांना दहशतवादी ठरवले. नऊ युरोपीय देशांनी जुलै 2022 मध्ये, पुरेसा पुरावा मिळाला नाही असे सांगून, त्यांच्याबरोबरचे काम चालू ठेवले. पुढच्याच महिन्यात कार्यालयांवर छापे पडले. सप्टेंबर 2025 मध्ये अमेरिकेने अल-हकवर निर्बंध लादले. या संस्थांना बाजू आहे आणि त्या ती लपवत नाहीत. पण जमिनीबाबतचे सर्वांत बोलके आकडे खुद्द इस्रायली प्रशासनाचे आहेत : माहिती अधिकाराखाली 2018 मध्ये मिळालेल्या उत्तरानुसार, वाटप झालेल्या सरकारी जमिनीपैकी पॅलेस्टिनींना मिळालेला वाटा पाव टक्क्याच्याही आत होता. ज्यांचे आप्त कोकणातून इस्रायलला जाऊन स्थायिक झाले आहेत त्यांनी हे आकडे इस्रायली संस्थांच्याच अहवालांतून ताडून पाहावेत. ते हिब्रूतही उपलब्ध आहेत.

आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 19 जुलै 2024 च्या सल्लागार मतात हा ताबा बेकायदा ठरवताना जमीन आणि नैसर्गिक संपत्तीच्या वापराचाही विचार केला. ताबेदार सत्ता 1907 च्या हेग नियमांप्रमाणे सार्वजनिक मालमत्तेची केवळ विश्वस्त व उपभोक्ता असते, हे तत्त्व तिथे कामी आले. त्या मतावर आधारित सप्टेंबर 2024 च्या आमसभेतील ठरावावर 124 देशांनी बाजूने मत दिले. 1988 मध्ये पॅलेस्टाइनला मान्यता देणारा भारत या वेळी तटस्थ राहिला.

सध्या या क्षेत्रातली सर्वांत मोठी चिंता मात्र न्यायालयाबाहेर, नोंदवहीत आहे. 1968 मध्ये गोठवलेली जमीननोंदणी ‘क’ क्षेत्रात इस्रायली अधिकाराखाली पुन्हा सुरू करण्याचा निर्णय इस्रायलच्या सुरक्षा मंत्रिमंडळाने मे 2025 मध्ये घेतला. सरकारी जमिनीच्या जाहीरनाम्यावर निदान वाद घालता येतो. अंतिम नोंद एकदा झाली की ती उलटवणे जवळपास अशक्य असते. सिद्ध करण्याचा भार दावा सांगणाऱ्यावर येतो आणि अम्मानला किंवा शिकागोला गेलेल्या वारसांचे हिस्से अधांतरी राहतात. म्हणून आज कोणी गावकरी मला विचारतो की आधी काय करावे, तेव्हा मी त्याला सांगतो की वाटणीचे कागद शोधून त्यांच्या प्रती काढा, परदेशातल्या भावंडांची मुखत्यारपत्रे मागवा, आणि यंदा नांगरट चुकवू नका. झाली की चारही कोपऱ्यांतून, तारखेसह, फोटो काढून ठेवा.